तीन दिवसांची अंगठी

हिरा विकत घ्यायचा तर आधी तीन दिवस घरी ठेवून पाहायचा, हे भागीरथाबाईंच्या माहेरी, सावनेरला, कोणाला शिकवावं लागत नसे. सोनं थेट घेता येतं, मोतीही घेता येतात. हिऱ्याचं तसं नाही. तो एखाद्या घराला लाभतो, एखाद्याला लाभत नाही. आधी देवापुढे ठेवायचा, मग घरातल्या मोठ्या बाईने बोटात घालायचा आणि तीन दिवस घरात काय काय होतं ते बघायचं. सगळं नीट पार पडलं तर ठेवून घ्यायचा, काही वाकडं झालं तर निमूटपणे सराफाला परत.

म्हणून होणाऱ्या सुनेने, भूमिकाने, साखरपुड्यासाठी इतवारीतल्या आनंदरावांच्या दुकानात जुनी हिऱ्याची अंगठी पसंत केली तेव्हा भागीरथाबाई हळूच म्हणाल्या, "तीन दिवस ठेवून पाहू."

"आई, चौथ्या दिवशी साखरपुडा आहे," आयुष म्हणाला.

"म्हणूनच म्हणून राहिली. तीनच दिवस आहेत हातात."

आनंदराव सत्तरी ओलांडलेले. ते हसले. "ठेवा, वैनी. आमच्या बाबांच्या वेळेपासून देतो आम्ही असा हिरा. आता कोणी मागत नाही. आता लोकं सर्टिफिकेट मागतात."

अंगठी मखमलीवर ठेवलेली होती. शेजारच्या खणातल्या नव्या अंगठ्या दुकानातल्या दिव्यांखाली नुसत्या लखलखत होत्या, आणि ही त्यांच्यात मुकी वाटत होती. खडा धड गोल नाही, धड चौकोनी नाही. कोपरे झिजल्यासारखे.

"एवढ्या साऱ्या चमकत्या सोडून हेच काहून वं पोरी?" भागीरथाबाईंनी विचारलं. "हिले तर काही तेजच नाही."

भूमिका धंतोलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. ती म्हणाली, "आई, ऑपरेशनच्या आधी बायांच्या अंगठ्या मीच काढून घेते. पिशवीत टाकायच्या, नावाची चिठ्ठी लावायची. चिठ्ठी पडली ना, तर कोणाची कोणती ते त्या बाईलेही सांगता येत नाही. साऱ्या एकसारख्या. मले अशी पाहिजे का चिठ्ठी नसली तरी ओळखू यावी."

"अन् ते येईलच," आनंदराव म्हणाले. "हा खडा मशीनवरचा नाही. कोण्या कारागिरानं चाकावर हातानं घासलेला आहे. पाहा, दोन पैलू एका मापाचे नाहीत. मधोमध बारीक ठिपका दिसते ना, ते तळाचं टोक. तेही त्यानं चपटं केलं. असा दुसरा खडा तुम्हाले मिळणार नाही."

"होती कोणाची?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"एका जुन्या घरातली. त्यांच्या सुनेले नको होती."

"तसं नाही. कोणाच्या बोटातून उतरली? सवाष्णीच्या का..."

"ते मी नाही विचारत, वैनी," आनंदरावांनी डबी बंद केली. "मले दगड कळते. माणसं नाही कळत."

*

पहिल्या दिवशी भागीरथाबाईंनी अंगठी दुधापाण्याने धुतली, अन्नपूर्णेपुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि उजव्या हाताच्या बोटात घातली. त्यांचे यजमान मनोहरराव पेपर बाजूला सारून बघत होते. सिंचन विभागातून निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक कामाची पाहणी त्यांच्याकडे होती.

"हिऱ्याची परीक्षा सुरू झाली म्हणायची," ते म्हणाले. "पेपर कोण तपासणार?"

"तुम्ही गंमत करू नका जी."

"गंमत नाही वं. आता घरात पाल जरी पडली तरी त्या बिचाऱ्या कारागिराच्या नावानं लिहिल्या जाईल."

दिवसभर भागीरथाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. दूध तापत ठेवलं की ओट्यापाशीच उभ्या राहायच्या. फोन वाजला की आधी बोटाकडे बघायच्या, मग फोनकडे. कोणत्या बाईचं बोट होतं हे? तिचा संसार कसा झाला? तिने अंगठी स्वतः काढली, की कोणी काढून घेतली?

अक्षय तृतीयेपासून त्यांनी रोज एकशे आठ वाती वळायचा नेम धरला होता. संध्याकाळी कापूस घेऊन देवघरात बसल्या, तर पहिल्याच वातीला अंगठीत तंतू अडकला. दुसरीलाही. त्यांनी अंगठी थोडी फिरवली, ओढली, ती सहज निघाली. पाटावर ठेवून त्यांनी वाती पुऱ्या केल्या, नीरांजन लावलं आणि देवघरातली ट्यूब बंद केली. दिवा लागला की ट्यूब बंद करायची, ही त्यांची जुनी सवय.

आणि पाटावरचा खडा पेटला.

दुसरा शब्द त्यांना सुचला नाही. दुकानातल्या नव्या खड्यांसारखं ते चमचमणं नव्हतं. आत कुठेतरी खोल, राखेवर फुंकर घातल्यावर निखारा उघडा पडावा तसा आधी एक लाल तुकडा उजळला. ज्योत हलली तसा तो विझला आणि शेजारचा हिरवा जागा झाला. मग निळा. एकेक, सावकाश. भागीरथाबाईंनी अंगठी उचलली, बोटात घातली आणि हात ज्योतीपुढे धरला. हात इकडे नेला, तिकडे नेला. हिरा त्यांच्या हाताबरोबर श्वास घेत होता. त्या कारागिराकडे बल्ब कुठला असणार? त्यानेही असाच दिव्यापुढे धरून धरून हा घासला असेल. दुकानातल्या त्या पांढऱ्या उजेडात बिचारा मुका झाला होता, एवढंच.

आरती म्हणायची राहिली, हे उदबत्ती विझल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कान धरले. आरती म्हटली. पण टाळीसाठी हात उचलला की नजर हाताकडेच.

त्यांच्या स्वतःच्या साखरपुड्यात खरोखर साखरेचा पुडाच होता, आणि एक हिरवं लुगडं. बोटात काही घालायची रीत तेव्हा त्यांच्याकडे नव्हती. त्याचं त्यांना कधी काही वाटलंही नव्हतं. निदान कालपर्यंत तरी.

अंगठी त्यांनी काढली नाही. परीक्षाच आहे, बोटातच असायला हवी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चटणी वाटताना मिक्सर जळला. घरभर वास सुटला.

"पंधरा वर्षांचा होता," मनोहरराव म्हणाले. "पेन्शनच दिली पाहिजे त्याले."

भागीरथाबाई हसल्या नाहीत. संध्याकाळी आयुष हिंगण्याहून कंपनीतून आला तो लंगडत. वळणावर रेतीवरून मोटरसायकल घसरली होती. गुडघा खरचटला होता, पँट फाटली होती.

"काही नाही गं आई, हळद लाव."

त्यांनी हळद लावली. मिक्सर एक, गुडघा दोन. म्हणजे नाही लाभला. म्हणजे उद्या आनंदरावांना परत. म्हणजे ती भूमिकाच्या बोटात जाणार नाही. कोणाच्याच जाणार नाही.

आणि हळद लावता लावता त्यांना कळलं, की आपल्याला बरं वाटतंय. पोराच्या गुडघ्यातून रक्त येतंय आणि आपल्याला आत कुठेतरी बरं वाटतंय!

त्यांनी हळदीची वाटी खाली ठेवली. "देवा," एवढंच म्हणाल्या.

"झोंबलं मले अन् देवाचं नाव तू घेऊन राहिली," आयुष म्हणाला.

त्या संध्याकाळी वाती एकसष्टच झाल्या. प्रत्येक वातीला तंतू अडकायचा, त्या तो सोडवायच्या, पुढची घ्यायच्या, पुन्हा अडकायचा. अंगठी काढून ठेवली असती तर अर्ध्या तासात काम झालं असतं. ती काढायचं त्यांच्या मनात आलं, चार वेळा आलं. वाती अर्धवट टाकून त्या उठल्या, गच्चीवर गेल्या, खाली आल्या, तुळशीला पाणी घातलं, थोड्या वेळाने पुन्हा घातलं. नेम मोडायची ही त्यांची पहिली वेळ होती.

*

तिसऱ्या दिवशी ऊन असं होतं की कूलरही गरम हवा फेकत होता. सकाळी आंघोळीला जाताना त्यांनी अंगठी ओढली. निघाली नाही. बोट पेराशी फुगलं होतं. साबण लावला, तेल लावलं, तूप लावलं. फ्रिजमधला बर्फ धरून बसल्या. अंगठी गोल फिरायची आणि पेरापाशी येऊन अडायची.

दुपारी मनोहररावांनी पाहिलं. "दाखव बरं. अरे बाप रे! हे तर सोनारच कापून काढीन."

"कापून?" भागीरथाबाईंनी हात पदराखाली ओढला. "शंभर वर्षांपासून कोणी नाही कापली अन् मी कापू?"

"मग उद्या पोराच्या साखरपुड्यात सुनेच्या जागी तू बसशील काय?"

ते गमतीने बोलले होते. पण भागीरथाबाईंच्या अंगावर काटा आला.

पाच वाजता भूमिका ड्यूटी आटोपून आली. चप्पल काढली, पाणी प्यायली आणि समोर बसली. उद्याच्या साडीचं बोलली, हॉलच्या जेवणाचं बोलली. मग न राहवून तिने विचारलंच.

"आई, काय झालं? लाभला का?"

भागीरथाबाईंनी पदराखालची मूठ आवळली. सांगायला किती सोपं होतं! आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

"मिक्सर जळला," त्या म्हणाल्या. "आयुष पडला."

भूमिकाचा चेहरा उतरला. तिने मनोहररावांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

"म्हणजे परत करायची?"

भागीरथाबाईंनी मूठ पदराखाली आणखी आत ओढली.

"बरं आई," भूमिका म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं. मी आत्ताच आयुषले फोन करते, तो इतवारीतून दुसरी कोणती तरी घेऊन येईल."

कोणती तरी. पोरगी रुसली नाही, वाद घातला नाही, पर्समधून फोन काढू लागली. पर्सची चेन अडली होती आणि ती ओढत होती, तेवढाच वेळ भागीरथाबाईंना मिळाला.

"थांब वं." त्यांनी पदराखालून हात काढला. "निघून नाही राहिली."

भूमिका उठलीच. क्षणात तिचा चेहरा दवाखान्यातल्या नर्सचा झाला. तिने बोटाचं टोक दाबलं, नख पाहिलं. "कधीपासून?"

"सकाळपासून."

"कालही निघत नव्हती?"

"निघत होती." भागीरथाबाईंचा आवाज आणखी खाली गेला. "पहिल्या दिवशी तर सहज निघाली. मीच पुन्हा घातली. अन् मग काढलीच नाही. माझा नेम मोडला, तरी नाही काढली. मिक्सरचं काही नाही, पोरी. तो जुनाच होता. अन् आयुष रेतीवरून पडला. मलेच वाटत होतं का नाही लाभू दे. तुले न मिळो. असं वाटत होतं मले."

मनोहरराव उठून उगाच कूलरमध्ये पाणी ओतायला गेले.

"हात वर धरा," भूमिका म्हणाली.

"हं?"

"डोक्याच्या वर. दहा मिनिटं. सूज उतरते. अन् घरात बारीक दोरा आहे का?"

वटसावित्रीसाठी आणून ठेवलेली सुताची गुंडी देवघरात होती. भूमिकाने सुताचं टोक पिनेने अंगठीखालून ओवलं, मग पेरावर वेढे द्यायला लागली. घट्ट, एकाला एक लागून, जसे वडाला देतात.

"दुखेल."

"दुखू दे."

"दवाखान्यात बाया रडतात," वेढे देता देता ती म्हणाली. "एक आजी म्हणे, पोट काप, पण अंगठी कापू नको. नवरा तिचा बाहेर सांगून राहिला होता का जिंदगीभर त्या अंगठीवरून भांडली माझ्याशी." तिने खालचं टोक धरून सूत उलगडायला सुरुवात केली. अंगठी एका वेढ्याने पुढे सरकली. मग आणखी एका. "आई, एक सांगू? तुमच्याजवळच राहू द्या. मी खरंच दुसरी घेते."

ते शब्द कानावर पडले तेव्हा अंगठी नेमकी पेरावर होती. भागीरथाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दुखण्याने आणि किती कशाने, कोण सांगणार. हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं.

"दुसरी घेशील," त्या म्हणाल्या, "तर चिठ्ठीशिवाय ओळखशील कशी?"

भूमिकाने वर पाहिलं नाही. शेवटचा वेढा सोडला. अंगठी तिच्या तळहातात पडली.

आनंदरावांचा फोन थोड्या वेळाने आला. भागीरथाबाईंनीच घेतला. "लाभला," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "जरा जास्तच लाभला."

तिकडून आनंदराव काही तरी बोलून हसले.

दिवेलागणीला भूमिका जायला निघाली, तर त्यांनी तिला देवघरात बोलावलं. साखरपुड्याआधी बोटात घालायची नाही, म्हणून अंगठी तळहातावर धरायला सांगितली. नीरांजन लावलं. ट्यूब बंद केली.

"आता पाह."

भूमिकाने तळहात जरा तिरपा केला, मग दुसऱ्या बाजूला कलवला, मग ज्योतीच्या आणखी जवळ नेला. लाल विझलं, हिरवं आलं.

"आई, हे तर दुकानात..."

"दुकानात कुठून दिसीन वं? दिव्यापुढे पाहाचं असते हे. रोज संध्याकाळी पाहत जा." त्यांनी कापसाची परडी जवळ ओढली. कालच्या सत्तेचाळीस राहिल्या होत्या, आजच्या एकशे आठ. "बस, बस थोडं. घाई नको करू."

त्या वाती वळू लागल्या. बोटावर अंगठीचा खोल वळ उमटला होता. कापूस आता कुठेच अडकत नव्हता. एक, दोन, तीन. शेजारी भूमिकाने हात हलवला आणि भिंतीवर निळा ठिपका धावत गेला. भागीरथाबाईंनी मान वळवली. मान वळवली आणि पुन्हा कापसाकडे आणली.

सत्तावीस, की अठ्ठावीस?

त्यांनी झालेल्या वाती बाजूला केल्या आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.