झोपाळूचं वळण

नागिणीनं डूख धरावा तसा गाइडबाईनं अकरा वर्षं धरला होता, आणि तोही हसऱ्या तोंडानं. रोज दहाच्या गाडीत माइक हातात घ्यायचा. कधीकाळी खनिज वाहणारी ही डोंगरातली छोटी गाडी खाणी आटल्यावर पर्यटकांची कशी झाली, डेपोतल्या ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोल्यांचं हॉटेल कसं झालं, ते सांगायचं. आणि चौथं वळण आलं की हॉटेलनं छापून दिलेलं म्हणायचं:

"घाट चढता डोळा लागला, पेंगत बसला वाघ,
गाडी गेली गाडीवरती, तेव्हा आली जाग!"

डबे खदखदायचे. तो झोपाळू ड्रायव्हर तिचा बाप होता, हे हॉटेलात कुणाला ठाऊक नव्हतं.

चौथ्या वळणावरच्या त्या टकरीत बापाचा पाय गेला, नोकरी गेली. पुढं अठरा वर्षं तो घराबाहेर पडला की दुकानदार विचारायचा, "काय, झोप झाली का?" बाप घरी येऊन एवढंच म्हणायचा, "पोरी, मला झोप लागली नव्हती गं."

लहानपणी ती त्याच्या कोपराला तेल चोळायची. तिथं कायमचा काळानिळा वळ होता. फलाटावर स्टेशनमास्तरानं वेताचं मोठं कडं उंच धरायचं, ड्रायव्हरनं चालत्या इंजिनातून हात काढून ते कोपरात अडकवायचं, त्याचा तो वळ. एकेरी रूळ, कडं मिळालं म्हणजे पुढची वाट मोकळी. ती खरंच मोकळी आहे का, हे मास्तरानं वरच्या स्टेशनला फोनवर विचारायचं, मगच कडं द्यायचं. हा नियम ती गाडीतही रोज सांगायची.

टकरीच्या वेळी मधल्या स्टेशनावर असलेले मास्तर आता हॉटेलचे मानकरी. वरच्या मजल्यावरची खोली फुकट, जेवायला कोपऱ्यातलं टेबल. गाडीत मात्र कधी पाय ठेवायचे नाहीत. आज गाडीला शंभर वर्षं झाली म्हणून मालकांनी त्यांना हाताला धरून पहिल्या डब्यात बसवलं.

मधलं स्टेशन मागं पडलं तसा गाइडबाईनं माइक त्यांच्यापुढं धरला. "आजोबा, चालत्या गाडीला कडं देणं म्हणजे गंमतच असेल, नाही?"

"गंमत?" म्हातारा फुलला. "अहो बाई, खांदा निखळायचा! पण माझं कडं एकदाही खाली पडलं नाही."

"तो झोपाळू मात्र धांदरट असेल."

"छे! झेलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. घारीसारखं उचलायचा."

"टकरीच्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा! इथंच, मागच्या फलाटावर, मीच तर..."

म्हाताऱ्याची जीभ अडखळली. पण सुटलेला शब्द कुठला परत यायला! समोर चौथं वळण दिसू लागलं होतं.

"फलाट सोडून दोन मिनिटं झाली," गाइडबाई माइकवर म्हणाली. "घारीला दोन मिनिटांत झोप लागली?"

कुणी हसलं नाही. खिडकीशी संत्रं सोलत बसलेल्या एका बाईनं विचारलं, "अहो, पण कडं दिलं म्हणजे वाट मोकळी ना? मग समोरून गाडी आली कुठून? फोन केला नव्हता की काय?"

मास्तरांनी माइक ढकलायला हात उचलला. तिनं तो तसूभर हलू दिला नाही. "सांगा ना, आजोबा. चारही डब्यांत ऐकू जातंय."

"विसरलो मी," म्हातारा पुटपुटला. "एकदाच विसरलो. नोकरी गेली असती, म्हणून त्याच्या झोपेचं सांगितलं. माझी लेकरं लहान होती तेव्हा..."

"मीही लहानच होते."

त्यांनी मान वर केली. बराच वेळ तिचं तोंड न्याहाळलं. "तू... त्याची?"

"पोरगी."

"गाडी थांबवा. उतरवा मला."

"शेवटच्या स्टेशनाशिवाय थांबत नाही ही. पाऊण तास आहे."

त्यांची गयावया ऐकून आपलं काळीज पाघळेल, ही धास्ती तिला अकरा वर्षं होती. नाही पाघळलं. दगडावर पाणी ओतावं तसं सगळं वरून वाहून गेलं.

परक्या पाहुण्यांसाठी प्रत्येक गोष्ट दोन भाषांत सांगायची, हा हॉटेलचा नियम होता. तिनं घसा साफ केला, आणि मास्तरांच्या डोळ्यांत पाहत त्यांचा शब्द न् शब्द, सावकाश, दुसऱ्या भाषेत सांगायला घेतला.