पुन्हा कोरलेली शेवंती

जुन्या बंदुका पारखणाऱ्या व्हर्लिन स्टॉफरचा एकच हट्ट असायचा, आधी बंदूक आणि मग गोष्ट. महायुद्धातली रायफल घेऊन कुणी आला आणि "माझ्या आजोबांनी ही फ्रान्समध्ये..." असं सुरू केलं, की व्हर्लिन हात वर करायचा. "थांबा जरा. आधी लोखंडाला बोलू द्या." पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या डोंगराळ पट्ट्यात त्याने अस्सल म्हटलं की ती अस्सल. नाही म्हटलं, तर ती नुसती शोभेला भिंतीवर टांगायची. हे घडलं त्या वर्षीच्या वसंतात, जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनात भर गर्दीत त्याने एकाला सुनावलं होतं, "साहेब, ही एक रायफल नाही, तीन मेलेल्या रायफलींचं बोचकं आहे." तो माणूस रडायच्या बेताला आला होता. व्हर्लिनला काहीच वाटलं नाही. माणूस परगावचा होता, त्याच्याशी खरं बोलायला काय लागतं?

लेस्टर उमहोल्ट्झ परगावचा नव्हता.

आमच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दर नोव्हेंबरला लेस्टर उभा राहायचा आणि ओकिनावा बेटावरच्या लढाईची गोष्ट सांगायचा. पाऊस, चिखल, डोंगरातली गुहा, गुहेच्या तोंडाशी अचानक उभा राहिलेला जपानी पोरगा. लेस्टरने त्याला मारलं आणि त्याच्या हातातली रायफल घेतली. शाळेतली मुलं डोळे मोठे करून ऐकायची. आता लेस्टर थकला होता. ती रायफल विकत घेऊन हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवायची, खाली पितळी पाटी लावायची, असं सभासदांनी ठरवलं. अध्यक्ष बॉइड ट्रेक्सलर व्हर्लिनला म्हणाला, "बघून घे बाबा एकदा. उद्या कुणी शहाणा येऊन नावं ठेवायला नको."

म्हणून त्या रविवारी, हॅम आणि बटाट्याच्या सॅलडचं जेवण आटोपल्यावर, टेबलावर जुनी घोंगडी पसरली गेली. लेस्टरची मुलगी नोरीन रायफल घेऊन आली. लेस्टर पहिल्या रांगेत बसला होता, टोपी मांडीवर.

"बघ रे, आणि फार वेळ लावू नकोस," बॉइड म्हणाला. "सफरचंदाचा पाय गार होतोय."

"पाय गारच खातात," कुणीतरी म्हणालं.

"तुझ्या बायकोने केलेला पाय कसाही खाल्ला तरी सारखाच."

सगळे हसले. व्हर्लिनने भिंग काढलं.

जपानी रायफल हातात घेतली की संग्राहक सगळ्यात आधी फूल बघतो. नळीच्या मागे पोलादावर सोळा पाकळ्यांची शेवंती ठोकलेली असते, बादशहाची खूण. जपान शरण आला तेव्हा शत्रूच्या हाती बादशहाची खूण जायला नको म्हणून बंदुका देण्याआधी फुलं घासून टाकली गेली. म्हणून फूल शाबूत असेल तर बंदूक बहुधा लढाईत मिळालेली. घासलेलं असेल तर नंतर ढिगातून उचललेली. सगळा भाव त्या फुलावर ठरतो.

लेस्टरच्या रायफलीवर फूल होतं. बॉइडने डोकावून पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं, "आहे! शेवंती आहे!" टाळ्या पडल्या.

व्हर्लिनने रायफल खिडकीकडे तिरकी धरली. उजेड पोलादावरून सरकत आला आणि फुलापाशी किंचित खाली उतरला. त्याने स्टीलची पट्टी आडवी ठेवली. पट्टीखालून उजेडाची एक बारीक रेघ दिसली. फूल खोलगट जागेत बसलं होतं. तिथलं पोलाद कधीतरी घासलेलं होतं. आणि पाकळ्या साच्याने ठोकलेल्या नव्हत्या, हाताने कोरलेल्या होत्या. एका पाकळीच्या टोकाशी छिन्नी निसटली होती, तिचा ओरखडा काळ्या झिलईखालीही राहिला होता. त्याने बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, बाहेर ओढला. बोल्टच्या मुठीखालचे आकडे रायफलीवरच्या आकड्यांशी जुळत नव्हते. हेही ढिगाचंच लक्षण, तिथे बोल्ट वेगळे काढून टाकलेले असत आणि हाताला येईल तो परत बसवला जाई.

कुणीतरी घासलेल्या जागी पुन्हा फूल कोरलं होतं.

व्हर्लिनने मान वर केली. लेस्टर थेट त्याच्याकडे बघत होता, पापणीसुद्धा न हलवता. त्या नजरेत व्हर्लिनला विनवणी दिसली. म्हातारा म्हणतोय, मुलीसमोर नको, असं त्याला वाटलं. नोरीन हसत उभी होती, हात वडिलांच्या खांद्यावर.

"काय मग?" बॉइड म्हणाला.

"अस्सल," व्हर्लिन म्हणाला. "बोल्ट कधीतरी बदललाय. बाकी अस्सल."

पुन्हा टाळ्या. आपण मोठं मन दाखवलं असं वाटून व्हर्लिनला क्षणभर बरंही वाटलं. तेवढ्यात मागच्या टेबलावरून अ‍ॅमन रेडिंगर उठला.

अ‍ॅमन खरोखर ओकिनावाला होता. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आला होता. त्याने कधीच काही सांगितलं नाही आणि लेस्टरच्या गोष्टीच्या दिवशी तो हॉलमध्ये पाऊलही टाकत नसे. तो काठी टेकत पुढे आला, लेस्टरसमोर थांबला.

"लेस्टर, मला वाटायचं तू थापा मारतोस," तो म्हणाला. "तसं बोललोयसुद्धा. दुकानात, चर्चबाहेर, जिथे सापडेल तिथे. आता व्हर्लिन म्हणतोय म्हणजे झालं. माफ कर मला."

त्याने तीन बोटांचा हात पुढे केला. लेस्टरने तो हातात घेतला. घेणार नाही तर करणार काय?

मग लेस्टर सिगारेटच्या निमित्ताने मागच्या दाराने बाहेर गेला. व्हर्लिन त्याचा कोट घेऊन मागे गेला. बाहेर गार वारा होता. लेस्टरने सिगारेट पेटवलीच नव्हती.

"दिसलं नाही तुला?" त्याने विचारलं.

"दिसलं."

"मग?"

"नोरीन उभी होती. मला वाटलं तुम्ही..."

"तुला वाटलं!" लेस्टर त्याच्याकडे वळला. "नोरीनला मीच सांगितलं होतं की व्हर्लिनकडेच न्यायची. बॉइड शहरातला कुणी जाणकार आणणार होता, मी नाही म्हटलं. तू परक्यांच्या चड्ड्या उतरवतोस भर बाजारात, मला ठाऊक होतं तुला दिसणार. तू बोलशील म्हणून सकाळपासून जेवण गेलं नाही मला."

"तुम्ही स्वतः सांगू शकला असतात."

"प्रयत्न केलाय मी. तोंड उघडलं की तीच गुहा बाहेर येते. आता तर मलाच तो पोरगा दिसतो." त्याने ओठ पुसले. "मी जहाजातून बटाट्याची पोती उतरवत होतो, व्हर्लिन. लढाई संपल्यावर पोचलो. बंदरावर रायफलींचा ढीग होता, प्रत्येकाला एकेक दिली, आठवण म्हणून. इथे आलो तर कारखान्यात जो तो कुणाला तरी मारून आलेला. मी काय बटाट्याचं सांगू? साचे कोरणाऱ्या एकाला बियर पाजली, त्याने फूल काढून दिलं."

व्हर्लिनने कोट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला.

"आत जा आणि सांग," लेस्टर म्हणाला. "म्हण, पुन्हा बघितल्यावर लक्षात आलं. मी मान हलवीन. तेवढं जमेल मला."

काम सोपं होतं. चार पावलं आणि एक वाक्य. पण व्हर्लिनच्या डोक्यात लेस्टर नव्हताच. वसंतातल्या प्रदर्शनातला तो रडवेला माणूस होता. उद्या सगळे म्हणणार, व्हर्लिनला कोरलेलं फूल ओळखता आलं नाही. किंवा याहून वाईट, ओळखलं आणि खोटं बोलला. मग त्याच्या 'अस्सल'ला कोण विचारणार?

"राहू द्या ना, लेस्टर," तो म्हणाला. "आता बोलून काय उपयोग? कुणाचं काय जातंय?"

"अ‍ॅमनचं गेलं की. आत्ताच, तुझ्यासमोर." लेस्टर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं. "म्हणजे माझ्यासाठी नाही. तुला तुझंच पडलंय."

व्हर्लिनचे कान तापले. कोट अजून त्याच्याच हातात होता. त्याने तो पुढे केला. लेस्टरने घेतला नाही.

दार उघडलं. बॉइड ओरडला, "अरे, काय कुजबुज चाललीये प्रेमिकांची? फोटोवाला खोळंबलाय!"

आत नोरीनने वडिलांची कॉलर सरळ केली. "डॅड, हसा हं," ती म्हणाली. अ‍ॅमनला लेस्टरशेजारी उभं केलं. तो यायला तयार नव्हता, मग आला आणि ताठ उभा राहिला, इतका ताठ की त्याच्याकडे बघवेना. लेस्टर जमिनीकडे बघत होता.

"व्हर्लिन, बंदूक तू धर," बॉइड म्हणाला. "पुढे कर. फूल दिसू दे."

व्हर्लिनने रायफल आडवी धरली. खोलगट भाग त्याच्या बोटाला लागला आणि नकळत अंगठा त्यावर बसला.

"अंगठा काढ रे. फूल झाकलंस."

अंगठा हलेना.

"व्हर्लिन! अंगठा!"

सगळे हसले. लेस्टरने मान वर केली आणि शेवटची वाट बघावी तसं त्याच्याकडे बघितलं. व्हर्लिनने अंगठा काढला आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं.