बाटलीतला बुडबुडा

सकाळपासून गावाच्या पाणी तपासनीस रनेचा पाय टेबलाखाली थांबत नव्हता. सेंट ऑडीलच्या गावविहिरीत नायट्रेट वाढलं होतं. तान्ह्या बाळांना हे पाणी देऊ नका, अशी नोटीस तिनेच दारोदार चिकटवली होती. आता तिने पाठवलेला नमुना तपासून प्रयोगशाळेने कळवलं, विहिरीचं पाणी ऊन खाल्लेलं आहे. उघड्यावरच्या पाण्यातले हलके कण आधी उडून जातात, जड मागे राहतात, त्यावरून ते कळतं. आणि असं उघडं तळं गावात एकच, ऑर्विल लार्डिन्वाच्या गोठ्यामागचं शेणाचं. सहाशे गाई. उद्या गावाचं बोर्ड गोठा बंद करणार होतं.

पण नमुना घेतला त्या दिवशी तिने बाटल्यांची झाकणं नीट आवळली होती का? चीज कारखान्यात ताजं चीज संपायच्या आत पोचायचं म्हणून ती पळत सुटली होती.

फळीवर त्याच वेळी काठोकाठ भरलेली दुसरी बाटली होती. ती तिने उलटी केली. वाटाण्याएवढा बुडबुडा वर आला. म्हणजे पाणी बाटलीतूनच उडालं होतं! ती तशीच गोठ्यावर गेली.

"काका, नमुना माझ्याकडून बिघडला. उद्याचं मी थांबवते."

"सरकारी पगार घेतेस आणि झाकण लावता येत नाही? माझी गाय लावेल."

"मग चला, तुम्हीच लावा."

पंपघरात ऑर्विलने बाटली काठोकाठ भरली, झाकण करकचून आवळलं, उलटी करून तिच्या नाकासमोर धरली. "आहे बुडबुडा?"

"नाही."

"माझी नात हेच पाणी पिते. मीच लेकीला, कोरिनला म्हटलं, पोरगी उगाच नोटिसा चिकटवत फिरते, लक्ष देऊ नकोस."

रनेने बाटलीवर तारीख लिहिली आणि ती प्रयोगशाळेला पाठवली.

दोन आठवडे ती दिवसातून वीसदा मेल उघडायची. शेवटी आकडा आला. आधीपेक्षा कमी, पण तळ्याचं पाणी विहिरीत होतंच.

ऑर्विल फाटकातच उभा होता. तिचं तोंड बघून म्हणाला, "माझंच?"

"विहिरीतलं पाव हिस्सा पाणी तुमच्या तळ्याचं."

त्याने टोपी काढली, परत घातली. "बाटली मीच भरली होती."

मग त्याने लेकीला फोन लावला.

"कोरिन, बाळाच्या दुधात नळाचं पाणी घालू नकोस. आत्तापासून. कारण नंतर सांगतो." तो थांबला. रनेकडे पाठ फिरवली. "नाही, ऐक. आत्ताच सांगतो."