खारं पाणी प्यालेलं इंजिन

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो. बोटीच्या मागच्या फळीला दोन स्क्रू आवळून लटकवतात ना, ते. डोकं पाण्याबाहेर, पंखा पाण्यात. स्वभावाने म्हणाल तर मुलखाचा उतावळा. दोरी ओढली की मला निघायचंच असतं. धक्क्याला नुसतं लटकून राहणं ही मला शिक्षा वाटते.

मी नवा होतो तेव्हा मालक मला खांद्यावरून घरी घेऊन आला. त्याची मोठी बहीण, आक्का, दारातच म्हणाली, "अगं बाई, केवढं हे धूड! खुर्ची देऊ का बसायला?" तेव्हा माझे फार लाड होते. मी थंड राहण्यासाठी समुद्राचंच पाणी पोटातून फिरवतो. ते वाळलं की मीठ मागे उरतं. म्हणून फेरी संपली की मालक धक्क्यावरच्या नळाला नळी लावून मला गोड्या पाण्याने आतून धुवायचा. पुढे तो नळ मोडला. विहिरीवरून दोन बादल्या आणायच्या म्हणजे त्याच्या जिवावर येई. "उद्या धुतो," म्हणायचा. तो उद्या काही उजाडला नाही. मीठ माझ्या नसानसांत साचत गेलं आणि मी आतल्या आत धुमसत राहिलो.

त्यातच आक्काची मूत्रपिंडं निकामी झाली. दर तिसऱ्या दिवशी खाडीपलीकडच्या दवाखान्यात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं. रस्त्याने सहा तास, ते आक्काला झेपत नसत; पाण्यातून पाऊण तास. बाकीच्या बोटी मासेमारीला आठ-आठ दिवस बाहेर. म्हणजे आक्काचा सगळा भरवसा माझ्यावर.

एका सोमवारी मालक घाईत होता. माझा एक स्क्रू मिठाने धरला होता, पुरता आवळेना. "चालतंय!" म्हणत त्याने दोरी ओढली. मी जोरात थरथरलो आणि फळीवरून सुटून थेट तळाला गेलो. पोटात खारं पाणी शिरलं! मालकाने बुडी मारून, दोर बांधून मला वर काढलं. आणि मग प्रेमापोटी त्याने घोडचूक केली. त्याने मला पुसलं आणि दुपारपर्यंत कडक उन्हात ठेवलं. मी वरून कोरडा होत होतो आणि आतून गंजत होतो. ओरडावंसं वाटत होतं, पण तोंड कुठे होतं मला?

बंदरावर इंजिनं दुरुस्त करणारी एक बाई आहे. सगळे तिला मिस्त्रीच म्हणतात. मला पाहताच ती कडाडली, "उन्हात कशाला ठेवलंस? कपडे आहेत का वाळत घालायला?"

"पाणी सुकावं म्हणून..." मालक चाचरला.

"पाणी सुकलं, मीठ राहिलं! वर हवा लागली, की गंज आलाच. घाल आधी त्या पिंपात."

"पुन्हा पाण्यात?"

"गोड्या पाण्यात. मी उघडेपर्यंत बाहेर काढायचं नाही."

"उद्या दोन वाजता आक्काचा नंबर आहे हो. चुकला तर तिला श्वास घेता येत नाही."

"मग वाद घालू नकोस, पिंप भर."

मला वाटलं, आगीतून फुफाट्यात पडलो. त्या पिंपात माझा जीव नुसता वरखाली होत होता. बाहेर काढा, उघडा, आक्काचं काय? पण हळूहळू मीठ सुटायला लागलं.

सकाळी मिस्त्रीने मला उघडलं. प्लग काढून, मला आडवं करून, दोरी सावकाश ओढत पोटातलं पाणी ओकायला लावलं. मग तेल पाजलं. कार्बुरेटरचा कण न् कण धुतला. एक बोल्ट काही हलेना. तिने तो तापवला, तेल सोडलं, हलक्या हाताने ठोकला, पुन्हा थांबली. अकरा वाजले. मालक येरझारा घालत होता. "बस जरा, माझं लक्ष उडतं," ती म्हणाली. शेवटी बोल्ट कुरकुरत फिरला.

एकच्या सुमारास मला बोटीला घट्ट आवळलं, आक्काला आत बसवलं आणि दोरी ओढली. मी खोकलो, धूर सोडला आणि सुरू झालो! धूर पाहून मालक मला बंद करायला धावला. मिस्त्रीने त्याचा हात धरला. "चालू दे. आतली ओल जायला हवी. थेट निघ."

आम्ही निघालो. आक्काचे पाय सुजले होते, धाप लागत होती. मी कधी नव्हे इतका घाबरलो होतो. दोनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पलीकडे लागलो.

संध्याकाळी परतताना आक्का थकलेली होती, पण श्वास मोकळा होता. धक्क्यावर उतरून मालक सवयीने घराकडे वळला.

"कुठे निघालास?" ती म्हणाली. "माझं रक्त तिसऱ्या दिवशी धुतात, म्हणून मी उभी आहे. तुला याच्यासाठी दोन बादल्या जड होतात?"

मालक बादल्या उचलून विहिरीकडे गेला.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्याला 'उद्या बघू' म्हणू नका. ज्याला बोलता येत नाही, त्याचं दुखणं बुडाल्यावरच कळतं. आता रोज बादल्या येतात. तरी मिठाने खाल्लेलं माझं पोट भरून आलेलं नाही. परवा पुन्हा आक्काला न्यायचंय, आणि मला आत्ताच धडकी भरली आहे.