बसऱ्याच्या पट्ट्या

टण्ण.

आप्पा सोनारानं माझ्या पायातलं जोडवं कातरून पितळी वाटीत टाकलं. सासूबाई माजघरात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला काही वाटलं नाही. दुखलंही नाही. त्या पायाला तसंही फारसं काही कळत नाही.

त्याला आता महिना होत आला. दुपारची वेळ आहे, सासूबाई शेतात भाजावळीला गेल्यात, मामंजी ओटीवर घोरतायत, माझी हौसा परसात खेळतेय, म्हणून चार ओळी लिहायला बसले. कागद म्हणजे मुंबईहून आलेल्या ह्यांच्या पत्रांच्या पाठी.

डावा पाय दिवाळीच्या बाळंतपणात सुजला. बाळ नवव्या दिवशी गेलं, सूज राहिली. पाय पांढरा, ताठ झाला. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. हौसा त्या खळग्यात चिंचोका ठेवून खेळायची. मी ठेवू द्यायची. पाच वर्षांच्या पोरीला दुसरं काय द्यायचं त्या दिवसांत, मला सुचत नव्हतं.

गावानं ठरवलं, हत्तीपाय. कुणीतरी ही बातमी मुंबईला गिरणीत ह्यांच्या कानावर घातली आणि पत्र आलं. आमच्या घरात वाचता येतं ते मला एकटीला, माझे वडील शाळामास्तर म्हणून. दाराआड उभी राहून मी मोठ्यानं वाचलं. 'शिमग्याला येतो. तोवर पाय उतरला नसेल तर तिला माहेरी पोचवावी. पोरीला ठेवून घ्यावी.' एक अक्षर गाळलं नाही. गाळता आलं असतं.

"परत वाच," मामंजी म्हणाले.

मी परत वाचलं. हौसा माझा पदर धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी गाडी जुंपली आणि मला रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हा हत्तीपाय नव्हे. बाळंतपणात शीर धरली आहे. सकाळी पाय जमिनीला लावायच्या आधी बांधायचा, बोटांपासून वर गुडघ्यापर्यंत. रोज. लांब लोकरी पट्टी लागेल."

"ती आहे आमच्याकडं," मामंजी दाराबाहेरून बोलले.

मामंजी बसऱ्याच्या लढाईतून हवालदार होऊन आले. शिपायांनी पायाला गुंडाळायच्या त्या खाकी पट्ट्या त्यांनी पेटीत कडुनिंबाचा पाला घालून जपल्या होत्या. पण सासऱ्यानं सुनेच्या पायाला हात कसा लावायचा? त्यांनी ओटीचा खांब धरला. मी माजघराच्या उंबऱ्याआड. मधे हौसा.

"हौसे, तुझ्या आईला सांग, हा खांब म्हणजे पाय. नीट बघायचं, हसायचं नाय."

"आजा, खांबाला बोटं कुठं हायत?"

"लढाईत गेली. गप उभी ऱ्हा. सांग तिला, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पायजे. सैल बांधलीस तर घसरंल, आवळलीस तर पाय मरंल."

हौसा वळून मला म्हणाली, "आई, पाय मरंल."

"ऐकलं गो," मी म्हटलं.

मामंजींची कवायत घोट्यापासून सुरू होत होती. शिपायाचं पाऊल बुटात असतं, त्याला पट्टी कशाला? मलाही ते बरंच वाटलं, कारण बोटांपासून बांधायचं तर रुतलेलं जोडवं काढावं लागणार होतं. डॉक्टरांचं 'बोटांपासून' मामंजींच्या ध्यानात राहिलं नव्हतं; मीही ते मनातच ठेवलं. आठ दिवस घोट्यापासून बांधलं. पिंडरी थोडी उतरली आणि सगळी सूज खाली पावलात आली. पाऊल फणसाच्या कोवळ्या कुयरीसारखं फुगलं, जोडवं मांसात दिसेनासं झालं. तेव्हा मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं.

सासूबाई भडकल्या. "नवरा जिता असताना जोडवं काढतंस? उद्या कपाळ पण पुसशील!"

ओटीवरून मामंजी म्हणाले, "अगो, तो येऊन जोडवं बघणार हाय की पाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईच जाऊन आप्पा सोनाराला घेऊन आल्या. आप्पानं माझा पाय खुशाल मांडीवर घेतला. सोनाराला चालतो. "काय हवालदार," तो बाहेर बघून म्हणाला, "तुमच्या पलटणीनं नाय झालं, माझ्या कातरीनं झालं."

तो गेल्यावर सासूबाईंनी वाटीतलं जोडवं उचललं, दोऱ्यात घातलं आणि माझ्या काळ्या मण्यांशेजारी बांधलं. "हितं ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "हितं सूज नाय."

तेव्हापासून रोज पहाटे मी अंथरुणातच पाय उशीवर घेऊन बांधते, बोटांपासून. पट्टीची गुंडाळी हौसा धरते आणि वेढ्यागणिक सैल सोडते. तिच्या हाताला आता माझ्याहून चांगला अंदाज आहे. दर शनिवारी सासूबाई सुतळीनं पिंडरी मोजतात आणि टोकं जुळतील तिथं गाठ मारतात. तीन गाठी झाल्या, दर गाठ आधीच्या अलीकडे. "उतरतोय गो," परवा त्या म्हणाल्या. मी 'बरं' म्हटलं. आनंद व्हायला हवा होता. होईल कदाचित. शिमग्याला अठरा दिवस आहेत.

इथवर लिहिलं आणि हौसा लंगडत आत आली.

काटा रुतला असेल म्हणून मी तिचा परकर वर केला. गुडघ्याखाली ती मोजायची सुतळी. तीन गाठींसकट, करकचून गुंडाळलेली. खाली बोटं निळसर झालेली. मी सोडायला लागले तर तिनं माझा हात धरला.

"सोडू नको गो. आजून नाय सुजला."

"कशाला सुजायला हवा?"

"मग मला पण तुझ्यासंगं आजोळी धाडतील ना."

मी सुतळी सोडली. तिचा पाय चोळत बसले. सुतळीचे वळ तांबडे झाले, बोटांत हळूहळू रंग आला. माझ्या तळव्याला तिचा पाय ऊन लागत होता. किती महिन्यांनी हाताला काही लागलं.

ती माझ्या बांधलेल्या पायाकडं बघत होती, मग स्वतःच्या.

"आई, तुझा उतरला नि माझा सुजला, तर मग कोणी जायाचं?"