फूटबोर्डाचे बोल्ट

नट फिरवला की बोल्टही त्याच्याबरोबर फिरायचा. दोघं जोडीने गरगर फिरायचे, पण सुटायचं नाव घ्यायचे नाहीत. पद्माकर मोटारीखाली उताणा पडून पान्याशी झटत होता, गंजाचा भुगा सरळ डोळ्यांत पडत होता. अष्टमीच्या सकाळी सगळं बडोदं देवीच्या आरत्या म्हणत होतं आणि ह्या गृहस्थाच्या तोंडून जे शब्द बाहेर पडत होते, ते ऐकून देवीनेही कानांवर हात ठेवले असते.

"अहो, जरा हळू!" त्याची बायको सुहासिनी शेडच्या दाराशी येऊन म्हणाली. "शेजारचे पिलाजीराव त्यांच्या ओसरीवर बसलेत. सगळं ऐकू जातंय त्यांना."

"जाऊ दे! त्यांना म्हणावं, येऊन दोन शिव्या तुम्हीही घाला. माझ्याकडच्या संपत आल्यात."

मोटार त्याच्या वडिलांची, तात्यासाहेबांची. नायब सुभ्याच्या हुद्द्यावरून निवृत्त होताना त्यांनी एका सरदारांकडून ती जुनी विकत घेतली होती, आणि तेव्हापासून बाबाजीपुऱ्यातल्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती राणीसारखी नांदत होती. आता राणीचं वय झालं होतं. डाव्या दाराखालचा फूटबोर्ड, म्हणजे ज्या रुंद फळीवर पाय देऊन आत चढायचं ती फळी, एका अंगाने निखळून जमिनीकडे लोंबत होती. तिचे बोल्ट गंजून पार कुजले होते. उजवीकडच्या फूटबोर्डावर जादा चाक नि पेट्रोलचा डबा कायमचा बसवलेला, तेव्हा तिकडून चढायची सोयच नाही.

आता कोणी म्हणेल, फळीच ती, लोंबली तर लोंबली. त्यात एवढं आकांडतांडव कशाला? तर ऐका. परवा दसरा होता. दर दसऱ्याला तात्यासाहेब शहराबाहेरच्या हरणी गावी आपल्या थोरल्या बहिणीला, दुर्गाअक्कांना, सोनं द्यायला जात. आई लहानपणीच गेली, तेव्हा अक्कांनीच त्यांना अंगाखांद्यावर वाढवलेलं. गेल्या साली ऐन नवरात्रात तात्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा पाय लुळा पडला आणि दसरा चुकला. यंदा अक्काच अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्या मुलाने निरोप धाडला होता, "आई रोज विचारते, दसरा आला का? तिचा काही भरवसा नाही."

टांग्यातून जावं, तर श्रावणात एकदा तात्या टांग्यात चढायला गेले आणि त्याच्या त्या वीतभर लोखंडी पायरीवरून पाय निसटून सगळ्या गल्लीदेखत पडले. उचलून बसवतो म्हटलं, तर म्हणाले, "मला उचलायची वेळ येईल तेव्हा चौघं जण येतीलच. तोवर कोणी हात लावायचा नाही." म्हातारा हट्टी, महाहट्टी! पण त्या हट्टापलीकडे आता त्यांच्याजवळ स्वतःचं असं राहिलं होतं तरी काय? पद्माकरला ते कळत होतं, म्हणूनच तर जीव तुटत होता. रुंद, बुटका, भक्कम फूटबोर्ड असला की काठीच्या आधाराने तात्या आपले आपण चढू शकत होते. घरात त्यांना पेलणारी तेवढी एकच पायरी होती, आणि नेमकी तीच निखळली होती.

मिस्त्रीकडे तो चार खेपा घालून आला होता. मिस्त्री गरब्याच्या जागरणाने पेंगलेला. "दशेरा पछी आवजो, साहेब," एवढंच म्हणाला आणि कुशीवर वळला. दशेरा पछी! अरे, दसऱ्यानंतर ती मोटार घेऊन काय करायचं?

मग काय, संस्थानच्या अठरा कारखान्यांचे हिशेब तपासणारा हा कचेरीतला माणूस रजा टाकून स्वतःच मोटारीखाली शिरला. मांडवीच्या बोहऱ्याकडून नवे बोल्ट आणले होते. जुने निघाले तर नवे बसणार ना! बोल्टांवर घासलेट ओतून झालं, खोबरेल तेल घालून झालं, हातोडीने ठोकून झालं. लाकूड आतून भुसभुशीत झालेलं, त्यामुळे बोल्टाचं डोकं कुठे धरून राहीना. नाकी नऊ आले. आणि गंमत म्हणजे, उजवीकडचे बोल्ट त्याने पाहिले तर ते ठणठणीत! मोटार तीच, हवापाणी तेच. मग ही डावी बाजूच का कुजावी?

त्याने छिन्नीने फळीखालचा गंज खरवडला. लाल पापुद्र्याखालून पिवळं काहीतरी निघालं. बोटावर घेऊन बघतो, तर हळद. मग तांदळाचे काळे पडलेले दाणे. मग नारळाची शेंडी. फळी आणि लोखंडाच्या फटीत वर्षानुवर्षांचा दसरा साचून घट्ट बसला होता.

पद्माकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच काळ्या हातांनी तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आई! दसऱ्याला मोटारीची पूजा तू कुठे करतेस?"

वत्सलाबाई कडबू वळत होत्या. "फूटबोर्डावर. मोटारीचे पायच ते. पाय धुवायचे, दूध घालायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. उजवीकडे तुमचं ते चाक मध्ये येतं, म्हणून आपली डावीकडेच."

"आणि पुसायचं नाही?"

"पूजा पुसतात का रे कधी? आपोआप वाळते."

"वाळते! अगं, दूध, पाणी, नारळाचं पाणी, सगळं बोल्टांत मुरतंय दर साली! तू पूजा नाही केलीस, तू मोटार खाल्लीस! कळतंय का तुला? तुझ्यामुळे परवा तात्यांना—"

"माझ्यामुळे?" वत्सलाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "इतक्या वर्षांत मोटार कधी कुठे आपटली का? कुणाच्या अंगावर गेली का? ते कोणामुळे? तुझ्या घासलेटामुळे?"

"पद्माकर." ओसरीवरून तात्यांचा आवाज आला. झटक्यानंतर तो आवाज जरा चिरका झाला होता, तरी घर चिडीचूप झालं. "आईशी असं बोलायचं नाही. आणि ते बोल्टबिल्ट राहू देत आता. नाही जात मी हरणीला. अक्का समजून घेईल."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि तोंड फिरवून बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पद्माकरला भडभडून आलं, स्वतःचाच राग आला, आईचा राग आला, मोटारीचा तर काय यायचाच. तो परत शेडमध्ये गेला आणि दिवे लागेपर्यंत छिन्नी-हातोडी घेऊन त्या बोल्टांवर असा तुटून पडला की पिलाजीराव कुंपणावरून म्हणाले, "अरे, मोटार दुरुस्त करतोयस की मोडीत काढतोयस?" पुढचे दोन बोल्ट कसेबसे तुटले. मागचे दोन काही तुटेनात. म्हटलं, उद्या करवतीने कापू.

उद्या! उद्या नवमी होती, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच नव्हतं.

सकाळी अंघोळ करून तो शेडमध्ये आला तर हत्यारांची पेटी गायब. देवघरात बघतो, तर पाटावर आजोबांची तलवार, तिच्या शेजारी त्याचा पाना, करवत, छिन्नी, हातोडी, सगळी मंडळी न्हाऊनमाखून, कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बसलेली. सुहासिनीची कात्रीसुद्धा रांगेत होती. खंडेनवमी!

"आई, करवत दे."

"आज हत्याराला हात लावायचा नाही. उद्या उत्तरपूजा झाली की घे."

"तात्यांसाठी मागतोय गं मी!"

"तात्यांसाठीच नाही म्हणते." वत्सलाबाईंनी हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांशी भांडण कसं करायचं?

तो तणतणत पिलाजीरावांकडे गेला. त्यांचीही हत्यारं पाटावर. "आज करवत मागतोस? वेड लागलं का तुला?" तिथून पुढच्या घरी, तिथून त्याच्या पुढच्या. सगळ्या मराठी गल्लीतलं एकूण एक हत्यार झेंडू घालून बसलं होतं. दुपारी त्याला आठवलं, सांडशी! सांडशीला आई हत्यार समजत नाही. सुहासिनीने गुपचूप चुलीपाशी ठेवलेली सांडशी आणून दिली. आता बोला! कचेरीतला साहेब गरम पातेलं धरायच्या सांडशीने मोटारीचा नट पिळत होता. सांडशी वाकली, हात सटकला आणि बोटाची सालटी निघाली. नट काही सुटला नाही.

रक्ताळलेलं बोट घेऊन तो ओट्यावर बसला. वत्सलाबाई आल्या, बोटावर हळद दाबली आणि चिंधी बांधली.

दसऱ्याच्या दिवशी उत्तरपूजा होते न होते तोच त्याने पाटावरून करवत ओढून घेतली. माळ काढायलाही थांबला नाही. सुहासिनीने पदर खोचून वरून बोल्टाचं डोकं छिन्नीच्या पात्याने दाबून धरलं, आणि हा खालून कापत सुटला. "दाबून धर! दाबून!" "दाबलंच आहे, तुम्ही ओरडू नका!" असं करता करता एक बोल्ट तुटून पडला. दुसऱ्याने जीव खाल्ला. अर्ध्यात करवतीचं पातं मोडलं, उरलेल्या तुकड्याला फडकं गुंडाळून त्याने ओढत ओढत कापला. अखेर तो काळा, वाकडा गंजका तुकडा टणकन खाली पडला, तेव्हा पद्माकरने तो उचलून शेडच्या बाहेर असा भिरकावला की पिलाजीरावांची मांजर पळाली.

भोकाला लाकडाच्या चिपा मारल्या, नवे बोल्ट घातले, नट आवळले. स्वतः फळीवर उभा राहून चार उड्या मारल्या. फळी हू की चू करीना! मोटार त्याने अंगणात काढून ठेवली आणि ओरडला, "तात्या, कपडे करा! हरणीला जायचंय!" तो धावत न्हाणीत शिरला.

अंग पुसत बाहेर आला तर अंगणात सगळे मोटारीभोवती उभे. तात्या पगडी घालून, उपरणं घेऊन, आपट्याची पानं अंगरख्यात खोचून मोटारीपाशी आले होते. डाव्या हातात काठी. आणि समोर, नव्या बोल्टांच्या फूटबोर्डावर, ओल्या कुंकवाचं ठळक स्वस्तिक, त्यावर हळद, अक्षता, झेंडूचं फूल. वत्सलाबाईंनी तेवढ्यात पूजा उरकून घेतली होती.

"चढा ना, तात्या."

"ह्यावर पाय देऊ?" तात्या म्हणाले. "ओलं कुंकू आहे, पद्माकर. दर साली टांग टाकून वरच्या वर आत जायचो मी. आता ती टांग राहिली नाही."

पुसतो म्हणावं, तर पूजा. उचलतो म्हणावं, तर चौघं जण. ऊन कलायला लागलं होतं, आणि तिकडे हरणीला अंथरुणातली म्हातारी दारावरचा प्रत्येक आवाज कानांनी टिपत असणार. पद्माकरचं सगळं बळ सरलं. तो मटकन अंगणातल्या मातीतच बसला, धुतल्या धोतरानिशी. "करा काय करायचं ते," तो म्हणाला. "मी हरलो. तुम्ही जिंकलात, देव जिंकला, मोटार जिंकली. मी हरलो."

तात्यांनी काठी मागे घेतली. ते वळणार, तेवढ्यात वत्सलाबाई पुढे आल्या. अंगावर ठेवणीतलं जरीचं लुगडं होतं. त्या फूटबोर्डाशी गुडघे टेकून बसल्या, फूल उचलून बाजूला ठेवलं, अक्षता तळहातावर गोळा केल्या आणि लुगड्याचा पदर हातात धरून सरळ स्वस्तिक पुसायला लागल्या.

"अहो आई, फडकं देते!" सुहासिनी धावली.

"फडक्याने नाही पुसायचं कुंकू." त्यांनी मान वर केली नाही. कोपऱ्यांतून, बोल्टांच्या डोक्यांभोवतून, फटीतून त्या पुसत राहिल्या. लाकूड कोरडं ठाक होईपर्यंत. पदर लालभडक झाला. "घरात आजपर्यंत मी देवाचं काही पुसलं नाही," त्या म्हणाल्या. "तो मला काय म्हणायचं ते म्हणेल. तुम्ही चढा. अक्का वाट बघतायत."

तात्या वत्सलाबाईंकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी सुहासिनीच्या हातात दिली. पद्माकर हात द्यायला धडपडत उठला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. आणि भर अंगणात, सुनेसमोर, कुंपणावरून बघणाऱ्या पिलाजीरावांसमोर, ज्या माणसाने उभ्या जन्मात चारचौघांत बायकोच्या शेजारी बसायचं टाळलं, त्याने आपला चांगला हात गुडघ्यांवर बसलेल्या वत्सलाबाईंच्या खांद्यावर ठेवला. चांगला भार देऊन ठेवला. डावा पाय फळीवर आला. मग ओढत ओढत उजवा.

वत्सलाबाई खांदा ताठ करून तशाच बसून राहिल्या, ते आत नीट टेकून बसेपर्यंत.