नवदीपची कांडी

डॉ. दरियाव सिंह सांगवान यांच्या हाताखाली मी रेड्यांचं वीर्य तपासायला शिकले. हिसारच्या म्हशींच्या संस्थेत त्यांची प्रयोगशाळा होती. सर बोलायचे कमी. एखाद्या रेड्याचे शुक्राणू काचेखाली झकास पोहताना दिसतात, तरी म्हशी गाभण राहत नाहीत, असं का होतं, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. त्यापायी त्यांचे केस पिकले आणि डोळ्यांना जाड भिंग लागलं.

लग्नानंतर मी संस्था सोडून गावातल्याच एका वंध्यत्वाच्या दवाखान्यात लागले. काम तेच, फक्त माणसांचं. सांगायला गेले तेव्हा सर म्हणाले, "रेड्यांकडून माणसांकडे. बढती म्हणायची की बदली?" आणि परत सूक्ष्मदर्शकात डोळा घातला.

मग एका उन्हाळ्यात ते स्वतःच माझ्या दवाखान्यात आले. सोबत नवदीप होता, त्यांचा एकुलता एक मुलगा. कुरुक्षेत्राला कॉलेजात शिकवायचा. लग्न व्हायचं होतं. मानेत गाठ आली होती आणि रोहतकच्या डॉक्टरांनी औषधं सुरू करण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवायला सांगितलं होतं. त्या औषधांनी माणूस वाचतो, पण पुढे मूल होईलच असं नाही.

सरांना माझ्याकडे बघवत नव्हतं. नवदीपच म्हणाला, "सुदेश दीदी, पापांनी ठाडूचं केलं तसंच ना? मग माझ्या कांडीवरही छापा सगळं. नाव, गाव, आणि आई किती दूध द्यायची ते."

रेड्यांच्या कांडीवर, म्हणजे वीर्य गोठवायच्या बारीक नळीवर, खरंच तसं असतं. मी हसले. सरही हसले असावेत, कारण ते खिडकीकडे वळले.

ठाडू हा संस्थेचा जुना रेडा. नवदीप लहान असताना ते संस्थेच्या आवारातच राहायचे. ठाडू भल्याभल्यांना शिंगावर घ्यायचा, पण या पोराच्या हातचा गूळ खाताना मान खाली घालून उभा राहायचा. "ठाडू" म्हणून लांबून हाक मारली तरी वळायचा. तो मेला तेव्हा नवदीप दोन दिवस जेवला नव्हता. त्याच्या थोड्या कांड्या मात्र सरांनी नायट्रोजनच्या टाकीत जपून ठेवल्या होत्या.

नवदीपचं वीर्य मी प्लास्टिकच्या छोट्या कुप्यांत भरलं, पण तो त्यांना कांडीच म्हणत राहिला. औषधांचा सुरुवातीला गुण आला. नंतर गाठ परत आली, आणि माघात, ऐन थंडीत, तो गेला.

तेराव्याला मी गेले होते. नवदीपच्या आईचं नाव भतेरी. आमच्याकडे मुलीवर मुलगी झाली की शेवटचीचं नाव असं ठेवतात, भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या, आता पुरे. मी त्यांना चाची म्हणते. बायका रडत होत्या, त्या रडत नव्हत्या. मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

"तुझ्याकडे त्याचं ठेवलेलं आहे ना?"

"आहे, चाची."

"नीट आहे?"

"नीट आहे."

"लाइट जाते तेव्हा?"

"त्याला लाइट लागत नाही. टाकी असते."

त्यांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन बसल्या. त्यानंतर मात्र महिन्यातून एकदोनदा फोन यायचा. टाकी भरली का, कुलूप असतं का, असंच काहीतरी विचारायच्या. मी कंटाळले नाही. दुसरं कुणाविषयी विचारणार होत्या त्या?

उन्हाळ्यात त्यांनी वकील गाठला. उसनी कूस घेऊन नातवंड जन्माला घालता येतं असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. वकील म्हणाला, वाट लांबची आहे, पण कोर्टात अर्ज करून बघू. सर काहीच म्हणेनात. एकदा मी घरी गेले असताना माझ्यासमोरच चाचींचा तोल सुटला.

"नवदीपचे पापा, तुम्ही आयुष्यभर मेलेल्या रेड्यांची रेडकं जन्माला घातलीत. गावोगाव तुमचे सत्कार झाले, पागोटी बांधली लोकांनी. मग माझ्याच पोराच्या वेळी तुमच्या तोंडाला कुलूप का?"

सर म्हणाले, "भतेरी, चहा दे सुदेशला."

"चहा तिचा ती करून घेईल. माझं उत्तर द्या."

मी उठून चहा केला. तो कुणीच प्यायलं नाही.

त्या वेळी संस्थेत एक म्हैस गाभण होती. पोटात तिचं स्वतःचं नव्हतं. निवृत्तीआधीचं शेवटचं काम म्हणून सरांनी ठाडूच्या जुन्या कांड्या काढल्या होत्या. इतक्या वर्षांनी त्यातले थोडेच शुक्राणू हलत होते. त्यांच्याकडून बशीत दुसऱ्या म्हशीची बीजं फळवून एक गर्भ त्यांनी या म्हशीत ठेवला. नवदीप आजारी असतानाच ती गाभण राहिली होती. पावसाळा सरताना म्हैस व्यायली. रेडकू झालं, काळंभोर, कपाळावर ठाडूसारखाच पांढरा टिळा. पेपरात फोटो आला. लोक म्हणायला लागले, ठाडू परत आला.

चाची म्हणाल्या, "मला बघायचंय."

सरांनी मलाही बोलावलं. बहुधा त्यांना एकट्याने चाचींबरोबर जाणं जड जात होतं. गोठ्यात म्हैस रेडकाला चाटत होती. चाची बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिल्या.

"हिचं नाही हे?"

"नाही," सर म्हणाले.

"हिला माहीत आहे?"

"कसं माहीत असणार? पोटातून आलं, तिचंच झालं."

"बघ," चाची मला म्हणाल्या. "जनावराला जमतं. बाईला का जमू नये?"

मग त्यांनी पदरातून गुळाचा खडा काढला. घरून आणला होता. तळहातावर ठेवून रेडकाच्या तोंडाशी नेला आणि हळूच म्हणाल्या, "ठाडू. ए ठाडू."

रेडकू दचकून म्हशीच्या पोटाखाली शिरलं. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा एकदा. ते आलं नाही. चाळीस दिवसांचंही नव्हतं ते, गूळ काय ते त्याला ठाऊक नव्हतं, बाईमाणूस कोण तेही नव्हतं. हे चाचींनाही कळत होतं. जन्मभर म्हशी राखलेली बाई ती. तरी हात तसाच पुढे धरून त्या ओणव्या उभ्या राहिल्या. सरांनी जवळ जाऊन तो हात हळूच खाली केला.

परतताना त्या गाडीत मागे माझ्याशेजारी बसल्या होत्या. वाटेत त्या एकदम सरांना म्हणाल्या, "नवदीप तुम्हाला काहीतरी बोलला होता, म्हणून तुम्ही गप्प आहात. काय बोलला होता?"

सरांनी गाडी कडेला घेतली. पण मागे वळले नाहीत. समोरच्या काचेकडे बघतच बोलले.

"पौषातली गोष्ट. अंगणात उन्हात खाटेवर पडला होता. मी त्याचे पाय चोळत होतो. म्हणाला, पापा, ती कांडी, मी बरा झालो तर माझी. नाही झालो तर कुणाचीच नाही. आई मागेल. देऊ नका. तिला पोर नको असणार, मी हवा असणार. त्या बिचाऱ्यानं जन्मभर मी होऊन का राहायचं?"

बाजूने उसाचे ट्रॅक्टर जात होते.

"आणि हे तुम्ही आज सांगता?"

"हो."

"इतके दिवस मला वकिलाच्या दारात उभं राहू दिलंत?"

"हो. तुला सांगितलं असतं, तर माझीही वाट बंद झाली असती. मला वाटायचं, तू हट्टानं मिळवशील. माझा शब्द मोडायला नको, आणि नातवंड तर हातात येईल."

चाचींनी काचेला डोकं टेकवलं. त्यानंतर त्या दोघांत कित्येक दिवस अबोला होता. सर संस्थेतून निवृत्त झाले. ताट त्यांच्यापुढे यायचं, वाढणारीचं तोंड दिसायचं नाही. मला फोन येणंही थांबलं.

फोन आला तो होळीनंतर.

"सुदेश, जन्मात त्यानं माझं एक ऐकलं नाही. स्वेटर घाल म्हटलं तर घालायचा नाही. मी तरी त्याचं कधी ऐकलं म्हणा. आता एक ऐकते. काय करायचं असतं ते कर. पण आम्ही आल्याशिवाय करू नको."

दोघं सकाळीच आली. चाचींनी धुतलेली सलवार-कमीज घातली होती, डोक्यावरून पांढरी ओढणी. मी सांगितलं, कुप्या टाकीतून काढून ठेवल्या की संपलं, बघण्यासारखं काही नसतं.

सर म्हणाले, "एक वितळव. कोमट पाण्यात."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी कुपी काढली, वितळवली, थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सर स्टुलावर बसले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी डोळा लावला. तीस वर्षांची सवय, बोटं आपसूक चाकावर फिरली.

"चांगले आहेत," ते म्हणाले. "साठ टक्के तरी सरळ..."

आणि तिथेच थांबले. हजारो रेड्यांसाठी वापरलेलं ते वाक्य त्यांच्याच तोंडून त्यांच्या कानावर पडलं होतं. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

चाची स्टुलावर बसल्या. मी त्यांना कसं बघायचं ते दाखवलं. सुरुवातीला त्यांना काही दिसेना. मग त्यांची पाठ ताठ झाली.

"हे त्याचे?"

"हो."

"जिवंत?"

"हो, चाची."

"कुठे निघालेत एवढ्या घाईनं?"

भिंतीकडे तोंड करूनच सर म्हणाले, "त्यांना कुठं ते माहीत नसतं, भतेरी. चालत राहतात."

"गार होत असेल ना त्यांना?"

मी काचेखालची गरम पट्टी लावली. त्यानं थोडा वेळ वाढतो, एवढंच. चाचींनी डोळा काढला नाही. मधूनमधून काहीतरी पुटपुटत होत्या, लहान मुलाला झोपवताना पुटपुटतात तसं. दाराबाहेर रुग्णांची गर्दी वाढली होती. नर्स डोकावून गेली, मी तिला हातानंच थांबवलं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "दमले." नंतर, "बरेच थांबले." नंतर, "एक हलतोय अजून." त्यानंतरही त्या बघतच राहिल्या.

मी सरांच्या जवळ गेले. त्यांचे खांदे हलत होते. बाप गेला तेव्हाही ते रडले नव्हते, असं मागे एकदा त्यांनीच मला सांगितलं होतं.

शेवटी चाचींनी मान वर केली. डोळ्याभोवती गोल वळ उमटला होता. "हे तू कुठे टाकणार?"

मी खरं ते सांगितलं. जैविक कचरा, पिवळी पिशवी, भट्टी.

"नाही. त्याच्या अस्थी गढगंगेला, गंगेच्या घाटावर सोडल्या. हेही तिकडेच जाईल."

नियमात हे बसत नव्हतं. मी सगळ्या कुप्या एका स्टीलच्या डब्यात घालून त्यांच्या हातात दिल्या. चाचींनी तो डबा ओढणीत बांधला.

सर म्हणाले, "आत्ताच निघू. संध्याकाळच्या आत पोचू."

"पराठे करून आणलेत," चाची म्हणाल्या. "वाटेत खाऊ." अबोला सुटल्याचं मला त्यातूनच समजलं.

पुढचं सरांनी नंतर फोनवर सांगितलं. घाटावर पाणी कमी होतं. नावाड्यानं आत नेलं. कुप्या उघडायला चाचींना जमेना, तेव्हा सरांनी एकेक उघडून त्यांच्या हातात दिली. परतताना त्या गाडीत झोपी गेल्या. नवदीप गेल्यापासून त्यांना अशी झोप लागली नव्हती. सरांनी एका ढाब्याच्या शेजारी झाडाखाली गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि त्या आपणहून जाग्या होईपर्यंत त्यांच्या तोंडावर बसणाऱ्या माश्या हाकलत बसून राहिले.